उपदेशाचा चार्ज

मंडळीतले किस्से सांगायला बसलो की एकाच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि बायको म्हणते, "चहा थंडा होऊन राहिला, आधी तो प्या." आज चहा पिऊनच बसलो आहे.

भिलाईत प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मराठी ख्रिस्ती घरं दहा-बाराच, बहुतेक नागपूरकडून रेल्वेच्या नाहीतर प्लांटच्या नोकरीपायी आलेली. पावर हाउसजवळ टिनाच्या शेडमध्ये उपासना व्हायची. पण शिफ्ट रविवारीही चालू! अर्धी मंडळी प्रभूच्या घरी, अर्धी प्लांटात. शेवटी पाळकसाहेबांनी नियम केला. ज्यानं उपदेश ऐकला त्यानं शिफ्ट बदलताना दुसऱ्याला तो सांगायचा, मशिनचा चार्ज देतात तसा. आणि ऐकलं ते आठवडाभर करायचं, मग उभं राहून साक्ष द्यायची.

यात मी मधल्यामध्ये सापडलो. शमुवेल आणि दानियल एकाच क्रेनचे ऑपरेटर, एक उतरला की दुसरा चढणार. मी खाली, सामान बांधून वर इशारे करणारा. शमुवेलची बायको सुंदराबाई म्हणजे दानियलची सख्खी बहीण. तरी दोघं मेहुणे दोन वर्षं बोलत नव्हते. झालं एवढंच, की दानियलकडे नाताळाचं जेवताना शमुवेल म्हणाला, "मटणात मीठ कमी आहे." मटण दानियलनं पहाटेपासून स्वतः रांधलं होतं. तेव्हापासून क्रेनचा चार्ज माझ्यामार्फत आणि उपदेशाचाही माझ्यामार्फत.

सुंदराबाईचा मात्र जीव जात होता. लेकीचं, रूथचं, लग्न ठरलेलं. ती नवऱ्याला म्हणाली, "माझा भाऊ आला नाही तं मी बी आत पाय ठेवणार नाही. मंग विहिणीले तुम्हीच सांभाळा." बाई बोलल्याप्रमाणे करणारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून पाळकसाहेबांनी क्षमेवर उपदेश केला. शमुवेलनं अगदी पुढं बसून ऐकला. ड्यूटीवर मला म्हणाला, "दानियलले सांग, आज त्याच्यासाठी लय चांगला उपदेश होता." पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तोच पुन्हा केला, कारण आता दानियल बसला होता. तो बाहेर येऊन मला म्हणतो, "शमुवेलले सांग, पाळकसाहेबानं आज त्याले मस्त धुतलं."

मग आला शत्रूला जेवू घालण्याचा उपदेश. शमुवेलनं सोमवारीच माझ्या हाती डबा पाठवला. दानियल भडकला.

"म्हणजे मी त्याचा शत्रू?"

"अरे, जेवण आलं ना, जेव."

"मी कावून शत्रू होऊ? शत्रू तो हाय."

मंगळवारी त्यानं शमुवेलला डबा पाठवला. आता शमुवेल भडकला. शत्रू कोण, हे आठवडाभर ठरेना आणि सगळे डबे मी खाल्ले. पुढं दोघांनी आपापल्या रविवारी उभं राहून साक्ष दिली, की आम्ही शत्रूला जेवू घातलं. पाळकसाहेबांनी दोन्ही वेळा डोळे पुसले. मी पट्टा एक भोक सैल केला.

एकदा उपदेश झाला, की प्रार्थना एकांतात करा. एका खोलीत सहा माणसं, एकांत आणायचा कुठून? दानियलनं साइटवर पडलेला एक मोठा पाइप हेरला. ड्यूटी संपली की वाकून आत जायचा आणि गुडघे टेकायचा. एके दिवशी तोच पाइप हलवायचा हुकूम आला. मी आत डोकावायला हवं होतं, डोकावलो नाही, ती माझी चूक. दोर बांधले, इशारा केला, शमुवेलनं पाइप चार हात उचलला. आतून आवाज आला, "प्रभू, एवढ्या लवकर नको!"

शेजारी रशियन साहेब उभा होता. त्यानं खुणेनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, "प्रेयर." त्यानं पाइपकडे पाहून टोपी काढली.

पाइप खाली टेकल्यावर दानियल गहिवरून बाहेर आला. "मी मागून राहिलो होतो, का मले या भांडणातून वर उचल. आन पाह्य, उचललंच ना त्यानं."

मी केबिनकडे बोट दाखवलं. त्यानं वर शमुवेलला पाहिलं आणि गुडघे झटकले. "मंग हे धरायचं नाही," म्हणाला.

लग्नाच्या आदल्या रविवारचा उपदेश असा होता, की वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करून यावा. शमुवेलनं ऐकला. दानियलला मी चार्ज दिला. तरी दानियलनं लग्नाच्या दिवशी मुद्दाम सकाळची ड्यूटी मागून घेतली. मला फार वाईट वाटलं.

लग्नाला शेड भरली. सुंदराबाई खरंच बाहेर रिक्षात बसून राहिली. शमुवेल नव्या सुटात रूथचा हात धरून वेदीपर्यंत आला, थांबला, आणि लेकीचा हात पाळकसाहेबांच्या हातात दिला.

"अर्पण इथंच ठेवून राहिलो," म्हणाला. "आलोच."

आणि सायकल काढली. मी त्याच्या मागं.

प्लांटात काँक्रिटची ढलाई चालू होती. फोरमन म्हणाला, क्रेन एक मिनिट थांबणार नाही. शमुवेल तसाच सुटाबुटात शिडी चढला. वर काय बोलणं झालं ते देवाला ठाऊक. खाली उतरला तो एकटा दानियल, अंगात शमुवेलचा कोट. "शमुवेल म्हणते, पोरीले मामा पाहिजे, क्रेनले मी हाय," तो मला म्हणाला आणि शमुवेलचीच सायकल घेऊन सुटला. मी पुन्हा मागं.

रूथचा हात मामानं नवरदेवाच्या हाती दिला. सुंदराबाई आत आली, भावाच्या गळ्यात पडून रडली, आणि मग इकडंतिकडं पाहू लागली. "आता आमचे हे कुठं गेले?"

जेवणं उरकल्यावर दानियल डबा घेऊन प्लांटात परतला, मीही बरोबर. शिफ्ट संपून शमुवेल खाली आला, हात धुतले, डबा उघडला. मटण होतं. मी दुसरीकडं पाहू लागलो.

"कसं झालं?" दानियलनं विचारलं.

शमुवेलनं घास गिळला. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नाही.

"मीठ कमी आहे."

दानियलनं कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"म्हणून तं आणलं ना, भाऊजी."