आधी स्वतःच्या अंगावर

“न्हाय म्हंजे न्हाय! आज तुम्ही गोळी अंगावर घेणार न्हाय.”

“अगं, रंगाची गोळी ती. बोराएवढी. फुटली की धुवून टाकायची.”

“रंग धुतला जातोय. आत रगात साकळतंय ते कोण धुणार? काळजात जाळी बसवलीया, रगात पातळ व्हायच्या गोळ्या चालू हायत. मुका मारसुदीक लागू द्यायचा न्हाय म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय का न्हाय? ह्या पोरीसमोर सांगा!”

ही पोरगी म्हणजे मी. अमीनचाचा आणि कुलसुमचाची घरात एकमेकांशी दख्खनीत बोलतात. पण साक्षीदार मिळाला की भांडण मराठीत येतं. आमच्या नाटकातलं एक दार आपोआप उघडायला हवं होतं, त्याला हवेचा सिलिंडर बसवून घ्यायला मी या अंगणात पहिल्यांदा आले. दार कधीच झालं. मी येतच राहिले.

“सांगितलंय की,” चाचा म्हणाले. “पण मार्कर डॉक्टरला द्यायचा न्हाय, संयोगिताला द्यायचाय. आणि मी अंगावर घेतल्याबिगर एकबी मार्कर ह्या अंगणातनं भाईर गेलेला न्हाय.”

हे खरं होतं. मार्कर म्हणजे पेंटबॉल खेळायची बंदूक. चाचांसमोर मात्र बंदूक म्हणायची सोय नाही. “बंदुकीला लायसन लागतंय,” ते म्हणतात, “ह्याला हवा लागती.” जोतिबाच्या रस्त्याला कृष्णात नावाच्या माणसाने पेंटबॉलचं मैदान काढलंय. त्याचा फुसफुसणारा एक मार्कर दुरुस्तीला आला, आणि शिरोलीच्या फौंड्रीत जन्मभर हवेच्या लाइनी जोडून घरी बसलेल्या अमीन शिकलगारांना म्हातारपणी नवा धंदा लागला.

मार्कर तयार झाला की चाचा डोळ्यांवर जाड चष्मा चढवतात, अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि जो न्यायला आला असेल त्याला सांगतात, “हाण.” गोळी मांडीच्या मागे बसते. चाचा क्षणभर डोळे मिटतात. मग एकतर “ने” म्हणतात, नाहीतर पाना घेऊन वेगाचा स्क्रू इवलासा मागे घेतात आणि पुन्हा भिंतीकडे जातात.

“हे कुठनं शिकलात?” मी एकदा विचारलं होतं.

“आज्जाकडनं. तलवार असू दे, न्हायतर न्हाव्याचा वस्तरा. धार लावली की आधी सोताच्या मनगटावरचं क्यास उडवून बघायचा. हात कायम तुळतुळीत. गिऱ्हाइकाला म्हणायचा, आधी मला लागतंय, मग तुझ्या हातात देतोय.” चाचा हसले. “तवा धार हुती, आता हवा हाय. मार कसा पायजे सांगू? गडी मागं वळून बघंल एवढा. खाली बसंल एवढा न्हाय.”

पण संयोगिताचा मार्कर हा रोजच्यातला नव्हता. मैदानावरचे सगळे मार्कर हातपंपाचे. प्रत्येक गोळीच्या आधी डाव्या हाताने पुढची मूठ मागे ओढायची, परत पुढे ढकलायची, मग उजव्या हाताने ट्रिगर. शिरोळच्या संयोगिताचा डावा हात मनगटापासून नाही. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. कॉलेजच्या गटाबरोबर ती मैदानावर गेली, तर मैत्रिणींनी मायेनेच तिला झेंडा धरायला बसवलं. दुसऱ्या दिवशी ती पत्ता विचारत विचारत या फाटकात हजर.

“चाचा, मला झेंडा धरायचा न्हाय,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर चाचांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तरी अजून मला खरं वाटत नाही.

त्यांनी पितळेचा करंगळीएवढा सिलिंडर कातून घेतला. आतून तो हुपरीच्या एका चांदी कारागिराकडून घासून आणला. पैंजणाला देतात तसली चकाकी, जिथे कुणाचीच नजर जाणार नाही अशा जागी! त्यात दट्ट्या, डाव्या हाताचं ओढणं-ढकलणं करणारा. त्याच्या खाली आगपेटीच्या निम्म्याएवढा व्हॉल्व्ह. आणि शेवयांपेक्षा थोड्या जाड अशा तीन नळ्या. एक हवा आणते. एक दट्ट्याला मागे नेते. एक पुढे आणते.

“ह्या दोन उलट्या जोडल्या तर?” मी विचारलं.

“तर मग पोरगी नेम धरून उभी, आणि मार्कर ‘आ’ करून उभा. ट्रिगर दाबला की तोंड मिटणार.” चाचांनी स्वतःचंच तोंड उघडून, मिटून दाखवलं. “पयल्यांदा मीबी तसाच जोडला हुता. ही हसून हसून पडली.”

“पडले न्हाय,” आतून चाची.

फौंड्रीच्या खणखणाटाने चाचांचे कान कामातून गेलेत. बारीक फुसफुस त्यांना ऐकूच येत नाही. म्हणून ते खालचा ओठ जिभेने ओला करतात आणि एकेका जोडाजवळून हळूहळू नेतात. हवा कुठे निसटत असेल तर ओल्या ओठाला गार लागतं. देवघरात वाकावं तसा तो उंचापुरा माणूस त्या एवढ्याशा व्हॉल्व्हवर वाकतो, आणि सगळं अंगण श्वास धरून बसतं. निदान मी तरी बसते.

आणि मग ती हालचाल! ट्रिगर अर्धा दाबला की गोळी सुटते. तसाच पुढे दाबला की हवा वाट बदलते, दट्ट्या मागचं दार उघडतो, नवी गोळी खाली उतरते. बोट सोडलं की दार बंद. एक क्षण चुकला तर गोळी दारात चिरडून आतच रंगाचा चिखल. नाटकात आम्ही महिनाभर तालीम करून जे जमवतो ते इथे एका बोटाच्या हालचालीत. एकही पात्र आधी एंट्री घेत नाही.

“घेणार न्हाय म्हंजे न्हाय,” चाची पुन्हा दारात आली. “तसाच द्या तिला.”

“तसाच? आणि समोरच्या पोराला जास्त लागलं म्हंजे?”

“मग देऊ नका!”

उद्या मैदानावर संयोगिताचा सामना होता. नेमकी तेव्हाच फाटकाची कडी वाजली.

“चाचा, आलो की!” संयोगिता. शिरोळकडच्या पोरींसारखीच ती आलो, गेलो म्हणते. भांडण तिने फाटकाबाहेरूनच ऐकलं होतं. “माझ्यावर हाणा की मग. मी काय लोण्याची हाय?”

“तू चालवणारी, बाळ. नेम तुझा, हात तुझा. हाणून तूच बघायला पायजे.”

“मी उभी राहते,” मी म्हणाले. म्हणाले खरी, पण आवाज बारीक निघाला.

चाचीने माझ्याकडे पाहिलं. “तू नाटकवाली. लागायच्या आधीच वरडशील.”

तिने खुंटीवरचा जाड चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. पदर पाठीवरून घट्ट ओढून कमरेला खोचला. चाचा “कुलसुम, कुलसुम” करत पुढे आले, तर त्यांच्याकडे न बघता ती भिंतीला तोंड करून उभी राहिली. “हाण गं पोरी. नळाचं पाणी जाईल.”

संयोगिताने मार्कर खांद्याला लावला. मार्करच्या पुढच्या बाजूला चाचीनेच शिवलेल्या पट्ट्यात डावा हात अडकवला. चाचांकडे पाहिलं. चाचांनी कशीबशी मान हलवली.

टक. आणि लगेच, कुणी हात न लावता, दट्ट्या मागे गेला, पुढे आला, मार्कर पुढच्या गोळीला तयार. संयोगिता हातातल्या त्या गोष्टीकडे बघतच राहिली. “चाचा,” ती हळूच म्हणाली, “ह्यानं सोताच वडलं.”

पण चाचांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. चाचीच्या पाठीवर हळदीसारखा पिवळा डाग फुटला होता. पाना हातात घेऊन चाचा उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मार किती बसला ते त्यांना माहीत नव्हतं.

“कुलसुम? किती लागलं? सांग की गं. जास्त हाय? स्क्रू मागं घेऊ?”

चाचीने चष्मा काढून खुंटीला लावला. कोपऱ्यातली रिकामी घागर उचलली. चाचांचं माप लावावं, तर ती खाली बसली नाही, आणि मागे वळूनही बघितलं नाही. फाटकाची कडी काढून, पाठीवरचा पिवळा डाग तसाच घेऊन, ती ताठ चालीने नळावर निघून गेली.