हनुवटीवरचा हात

झोपलेल्या माणसाची हनुवटी पुढे ओढल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा माणूस उभ्या वसईत एकच असावा, आणि तो नेमका माझ्या ओळखीचा निघाला. पापडी गावचे हे सुतारकाका. माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर त्यांनीच केलं. कपाटांची दारं कधी येणार हे विचारायला मी एका दुपारी त्यांच्या वाडीत गेलो, पॉलिशच्या वासात खुर्चीवर बसल्या बसल्या मला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा एक परका अंगठा माझ्या हनुवटीवर होता. "घाबरू नका साहेब," काका म्हणाले, "घोरता घोरता तुमचा श्वास थांबलेला. आता चालू झाला."

काका माणसाचा चेहरा समोरून बघतच नाहीत. फळीची धार तपासावी तसा एक डोळा मिटून, बाजूने बघतात. लग्नात स्टेजच्या कडेला जाऊन नवरा-नवरीचे जबडे न्याहाळतात आणि जेवताना हळूच निकाल सांगतात, "पोरगी घोरनार. पोरगा जागाच ऱ्हानार." शास्त्र त्यांनी स्वतःपुरतं सोपं करून घेतलं आहे. "जीभ देवानं सगल्यांना सारखीच दिली. पन जबडा कुनाला बंगला, तर कुनाला वन आरके. वन आरकेत बंगल्यातला सोफा घातला तर मानसानं जायचं कुठून? आडवं झालं की जीभ मागं पडते, श्वासाची वाट बंद." एकदा चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत प्रवचन चालू असताना पुढच्या बाकावरच्या गृहस्थांची मान मागे कलंडली. काकांनी मागून दोन्ही हातांनी त्यांचा जबडा उचलला, आणि ते गृहस्थ इतके दचकले की भर प्रवचनात "आमेन!" म्हणून ओरडले. ते अजून काकांशी बोलत नाहीत. मीही काकांची पुष्कळ टर उडवली, पण हात धुऊन मागे लागून मला डॉक्टरकडे पाठवलं ते त्यांनीच, हे कबूल करायला हवं.

हे वेड आलं कुठून, ते काकूंना बघितल्यावर कळलं. काकूंची हनुवटी इवलीशी, मागे सरलेली. झोपेत त्यांचा श्वास अडकतो आणि जबडा पुढे धरला की मोकळा होतो, हे लग्नानंतर काकांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं हा माणूस बायकोच्या हनुवटीला हात लावून झोपला. गेल्या वर्षी मुलीने काकूंना झोपेत श्वास चालू ठेवणारं, नाकाला लावायचं मशीन आणून दिलं. काकू सकाळी टवटवीत उठू लागल्या आणि काकांची झोप उडाली. डोळे खोल गेले, मापं चुकायला लागली, एकदा तर करवत लाकूड सोडून बोटावर आली. "मशीन चांगलंच हाय," ते मला म्हणाले, "पन हात रिकामा ऱ्हायला की डोला लागत नाय." मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

परवा दुपारी गेलो तर वाडी सगळी पेंगुळली होती. केळीची पानं सुस्त हलत होती, उन्हाचे कवडसे ओट्यावरून हळूहळू सरकत होते. आरामखुर्चीत काकू डोळे मिटून पडलेल्या, मशीन कुठेच नाही. शेजारी स्टुलावर काका. त्यांची बोटं काकूंच्या हनुवटीला आणि डोकं खुर्चीच्या हातावर टेकलेलं, गाढ झोपलेले. आता काकूंकडे कोण बघणार म्हणून मी घाबरून पुढे झालो, तर काकूंनी एक डोळा उघडला.

"मी झोपले नाय रे भाऊ," हनुवटी जराही न हलवता त्या पुटपुटल्या. "रोज दुपारी नुसतं सोंग करते. त्याबिगर हे झोपत नाय. यांना सांगू नको हां."

मी गुपचूप पायरीवर बसलो. काका संथ लयीत श्वास घेत होते. मला त्या दोघांचा मनापासून हेवा वाटला. एक माशी येऊन काकूंच्या नाकावर बसली, उडाली, पुन्हा येऊन बसली. काकू हलल्या नाहीत.