आमची गोरी पणजी

माझ्या आईनं ऐंशी वर्षं एका गोऱ्या म्हातारीला नैवेद्य दाखवला.

काल आई गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती.

म्हातारी भिंतीवरच आहे. तिला काय धाड भरलीय!

सांगतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. वाशिमचा कुणी साहेब बदलून गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. माझे आजोबा, आबाजी, शिरपूरहून बैलगाडी जुंपून खुर्ची आणायला गेले.

खुर्ची राहिली तिथंच. घेऊन आले एक चित्र.

डोक्यावरून पदरासारखं कापड घेतलेली म्हातारी. नजर जराशी खाली.

आबाजींनी डिक्लेअर केलं, "हे माही माय."

त्यांची आई ते चार वर्षांचे असताना गेलेली. फोटो नव्हताच. मग दर पितृपक्षात, अविधवा नवमीला, ह्या बाईला कुंकू, हार आणि पुरणपोळी.

एकानं विचारलंच, "आबाजी, तुमची माय तं तरणीच गेली म्हने ना?"

"मंग? वर गेल्यावर वय वाढत नाही काय बे?"

विषय कट.

शेजारणी तर म्हणायच्या, "अवो बाप्पा, नाक तं आबाजीचंच!"

मग आई लग्न होऊन आली. थोडं इंग्रजी शिकलेली. पहिल्याच नवमीला काच पुसायला फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा निघाला, आणि फ्रेमखाली दडलेली अक्षरं दिसली. परदेशी नाव. साल सोळाशे काहीतरी.

म्हणजे बाई शिवशाहीतली. आणि तीही इकडची नाही!

आईपुढे पेच. सांगावं, तर सासऱ्याची माय दुसऱ्यांदा जाते. न सांगावं, तर पितरांचा घास फिरंगिणीच्या पोटात.

शेवटी ताट हातात घेऊनच बोलली. "मामाजी, ह्या आपल्या नाहीत. विलायती आहेत."

"मले मालूम आहे."

"कवापासून?"

"लिलावापासून. फ्रेमवाल्या रशीदभाईनंच नाव झाकून देल्लं."

मग आबाजी हळूच म्हणाले, "मायचं तोंड मले आठवत नाही, पोरी. पण मी तापानं फणफणलो तवा ते अशी पाहे. एवढंच ध्यानात आहे. तेच नजर साहेबाच्या भिंतीवर दिसली. मंग खुर्ची कायले घेऊ?"

आणि वर ताकीद: "तुह्या सासूले सांगजो नको. तिले वाईट वाटीन."

आठ दिवसांनी सासूनं आईला चुलीपाशी बोलावलं. "त्या फोटोचं यायले, तुह्या सासऱ्याले, बोलू नको बरं. मले पयल्या दिवशीच समजलं होतं."

सगळ्यांना सगळं माहीत. तरी सगळे हात जोडून उभे!

त्या चित्रापायी मी ड्रॉइंग मास्तर झालो. तसलं चित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा, मग त्या कोरायला आम्ल, मग शाई, मग कागदावर छाप. एवढाच खेळ. मी भिंग घेऊन पाहिलंय. डोळ्यांत शाई जवळपास नाहीच. पापणीखाली तीन-चार बारीक रेघा, बाकी कोरा कागद. तरी ती बाई कुणाची तरी काळजी करतेय, हे इतक्या वर्षांनी शिरपुरात कळतं.

हे मी आईला फार उत्साहानं समजावलं.

"रेघा काय मोजून राह्यला? ते काळजीत आहे. तिले पाह्य."

चाळीस वर्षं शिकवून मला इतकं नीट सांगता आलं नाही.

आता प्रॉब्लेम फोटोचा. आई कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. एकच फोटो आहे, आधारकार्डावरचा. त्यात ती नुकतीच पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते.

दिवाळीतच तिनं दम दिला होता, "ते थोबाड भिंतीवर टांगशीन तं पाहाजो!"

"मग काय लावू?"

"ते आहे ना."

आज सकाळी हार म्हातारीलाच घातला. वर पाहिलं आणि ढसाढसा रडलो.

हुबेहूब आई. नाकासकट.

जा आई, सावकाश जा. खरी पणजी भेटली तर तिचं तोंड आमच्यासाठी एकदा नीट पाहून घे.

तुला शेवटचा नमस्कार.