चार क्रिस्टलांचा स्कॅनर

पोलिसाची नोकरी केली म्हटलं की लोक खून-दरोड्यांबद्दल विचारतात. मीही सांगतो. पण ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच निघाला नाही, ते माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डेट्रॉइटच्या उत्तरेला, मोटार कंपन्यांमधल्या इंजिनिअरांनी भरलेल्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. अमेरिकेत आलो होतो शिकायला. शिक्षण अर्धवट सोडलं, पुढे नागरिकत्व मिळाल्यावर पोलिसात शिरलो. आईवडिलांना ते पचायला बरीच वर्षं लागली. आमच्या खात्यात मराठी सोडाच, भारतीयही मी एकटाच.

त्या मार्चमध्ये तीन आठवड्यांत तीन घरांच्या गॅरेजना आग लागली. तिसऱ्या आगीत वरच्या खोलीतल्या दोन लहान मुलींना खिडकीतून बाहेर काढावं लागलं. मुली वाचल्या, पण गाव घाबरलं. चीफनी तपास माझ्याकडे आणि माझ्या जोडीदाराकडे दिला. हा जोडीदार म्हणजे वीस वर्षं मुरलेला, उंचापुरा गोरा सार्जंट. कामाला चोख, संशयाला त्याहून चोख.

चौथ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या गल्लीतले एक भारतीय गृहस्थ दुपारी अचानक गाडी काढून घाईघाईने निघून जातात आणि तीनपैकी दोन आगींच्या ठिकाणी आपल्या नवऱ्याने त्यांना उभं असलेलं पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. आग लावणारा बरेचदा आग बघायला थांबतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. सार्जंटचे कान टवकारले.

मी नाव वाचलं आणि चपापलो. मराठी नाव. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती, मी त्यांना काका म्हणायचो. अठ्ठावन्न वर्षांचे इंजिनिअर, कंपनीतून मुदतीआधी निवृत्त झालेले. त्यांची पत्नी सांगलीकडच्या शाळेत गणित शिकवायची. इकडे रविवारी मुलांची मराठी शाळाही तिनेच चालवली होती. पण वर्षभर ती कुठे दिसली नव्हती. कोणी विचारलं तर काका सांगायचे, "शिकागोला बहिणीकडे असते हल्ली."

गस्तीची नोंदवही चाळली, तर आणखी एक गोष्ट सापडली. रस्त्यावर फार हळू गाडी चालवल्याबद्दल एका शिपायाने त्यांना थांबवलं होतं, आणि शेजारच्या सीटवर खिशात मावेल एवढा स्कॅनर चालू होता. पोलिसांचं, अ‍ॅम्ब्युलन्सचं बोलणं ऐकण्याचा हा रेडिओ घरात ठेवायला कोणाची हरकत नसे. गाडीत ठेवायचा तर आमच्या राज्यात परवाना लागे. शिपायाने समज देऊन सोडलं होतं.

गावात असे सेट विकणारं एकच दुकान होतं. मी तिथे गेलो. दुकानदाराला गिऱ्हाईक चांगलंच आठवत होतं, कारण काकांनी त्याचा दीड तास खाल्ला होता.

"मी त्यांना टेबलावरचा नवा सेट दाखवला," तो म्हणाला. "बटणं दाबली की हवं ते चॅनेल लागतं, सोळा चॅनेल. त्यांना नको होता. त्यांना खिशात राहील असाच हवा होता, आणि बॅटरी किती तास टिकते ते चारदा विचारलं."

खिशातल्या त्या साध्या सेटमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी क्वार्ट्झचा एक छोटा क्रिस्टल विकत घेऊन बसवावा लागे. म्हणजे माणसाने कोणते क्रिस्टल घेतले, त्यावरून त्याला काय ऐकायचं आहे ते कळतं. काकांनी चार घेतले होते. एक आमच्या पोलिसांचा, दोन शेजारच्या गावांच्या पोलिसांचे आणि एक अ‍ॅम्ब्युलन्सचा.

"अग्निशमन दलाचा?"

"मी म्हटलं घ्या, लोक तोच आधी घेतात. नको म्हणाले." दुकानदार पुढे म्हणाला, "एक विचित्र प्रश्न विचारला त्यांनी. पोलीस रेडिओवर माणसाचं वर्णन करतात, तेव्हा कपड्यांचा रंग सांगतात का?"

मी हे सार्जंटला सांगितलं. तो हसला. "स्वतःचे कपडे बदलायला विचारलं असेल. आणि फायरचा क्रिस्टल कशाला हवा? आग कुठे आहे ते त्याला ठाऊकच आहे." मला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो. दार वीतभर उघडलं. मी मराठीत म्हणालो, "काका, स्टेशनला यावं लागेल. थोडे प्रश्न आहेत, अर्ध्या तासात सोडतो."

"आत्ताच? उद्या नाही चालणार?"

"आत्ताच."

पाच मिनिटांनी ते कोट घालून आले, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. स्कॅनर मागितला, तो मुकाट्याने दिला.

चौकशीच्या खोलीत मी त्यांना त्यांचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाले. सार्जंटने सुरुवात केली. पहिल्या आगीच्या वेळी कुठे होता? दुसऱ्या? तिथे कशाला गेलात? काकांचं उत्तर एकच, "सहज चक्कर मारत होतो." चौकशीत खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेक जण आमच्या तोंडाकडे बघत असतात, आपलं खोटं चाललं का ते पाहायला. काका बघत होते भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मिसेस कुठे आहेत?" सार्जंटने विचारलं.

"शिकागोला."

"परवा शेजारणीने तुमच्या खिडकीत पाहिलं त्यांना."

काकांचा चेहरा पांढरा पडला. सार्जंटने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मासा गळाला लागलाच. अर्ध्या तासाचे दोन तास झाले होते. मी मराठीत म्हणालो, "काका, बोला ना काहीतरी. तुमच्यावर आग लावल्याचा आरोप येईल. दोन मुली मरता मरता वाचल्यात."

"मला घरी जाऊ दे," ते इतकंच म्हणाले. "हवं तर संध्याकाळी परत येतो. खरंच येतो."

सार्जंटने वैतागून स्कॅनर पुढे ओढला आणि क्रिस्टल कोणत्या चॅनेलचे आहेत याची खात्री करायला चालू केला. चार लाल दिवे एकामागून एक लुकलुकायला लागले. पहिल्या दिव्यावर ते थांबले आणि आमच्याच एका गस्तीच्या गाडीवरचा शिपाई बोलू लागला.

"शाळेमागच्या तळ्यावर एक बाई आहे. पन्नाशीची असावी. पिवळं लांब वस्त्र गुंडाळलंय, वरून पुरुषाचा कोट. बर्फावर चालत गेली आहे. मी पुढे झालो की ती आणखी आत जाते. बोलते ते कळत नाही."

काका उठले ते खुर्ची पाडूनच. "ती माझी बायको आहे!" मग माझा दंड धरून मराठीत म्हणाले, "अरे, तिला काही आठवत नाही आता. घर आठवत नाही. माझा डोळा चुकवून निघून जाते. मी रेडिओ लावून शोधत फिरतो रे, कोणी पिवळी साडी म्हणतंय का, निळी साडी म्हणतंय का..."

कपड्यांच्या रंगाचा अर्थ मला तेव्हा लागला.

मार्चचा शेवट होता. तळ्यावरचा बर्फ कडेला जाड दिसतो, मधे पापुद्र्यासारखा असतो. तिथे पोचायला दहा मिनिटं लागली असती. तेवढा वेळ नव्हता. वर्दीतला अनोळखी माणूस पुढे आला की ती मागे सरकत होती, म्हणजे तळ्याच्या मध्याकडे. मी काकांना घेऊन कंट्रोल रूमकडे धावलो. गस्तीच्या गाडीवर कर्णा असतो आणि रेडिओवर येणारं बोलणं त्या कर्ण्यातून बाहेर ऐकवण्याची सोय असते. मी शिपायाला तो खटका दाबायला सांगितलं, आणखी मागे हो म्हटलं, आणि मायक्रोफोन काकांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. जेवायला हाक मारावी तसे बोलले.

"अगं, मी बोलतोय. सातवीचा तास संपला. घंटा झाली. सावकाश मागे फीर, ती पांढरी गाडी दिसते ना, तिच्याकडे ये. मी चहा टाकलाय. आलं घातलंय."

रेडिओवर नुसती खरखर. काकांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि मग आणखी एकदा.

"वळली," शिपाई म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "कडेला आली." आणि मग, "गाडीत बसवलंय. ब्लँकेट दिलंय. ठीक आहे. काहीतरी मागते आहे... च्या, च्या म्हणते आहे."

कंट्रोल रूममध्ये सगळे एकदम बोलायला लागले. काका खाली जमिनीवरच बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. सार्जंट आपल्या मगातली कॉफी ओतून देऊन चहा कुठे मिळेल ते शोधायला गेला.

नंतर काकांनी सगळं सांगितलं. ती दिसेनाशी झाली की रेडिओवर पोलीस जिथे धावताना ऐकू येतील, तिथे तीच असेल म्हणून तेही धावायचे. मागच्या दाराची कडी ती आता उघडायला शिकली होती. कोणाला सांगितलं तर तिला संस्थेत नेऊन ठेवतील, अशी त्यांना भीती होती. "आणि ती पोरांना पाढे शिकवायची रे," ते म्हणाले. "तिला असं कोणी बघू नये वाटलं."

मी नोंदवही पुन्हा काढली, या वेळी नीट. काका एका मोटार अपघातापाशी दिसले होते, कुत्रं चावल्याच्या कॉलवर दिसले होते, दुकानाच्या खोट्या अलार्मपाशीही दिसले होते. आम्ही फक्त आगी तेवढ्या उचलल्या होत्या, कारण आम्हाला आगीच हव्या होत्या. दोन आठवड्यांत आगींचंही कारण मिळालं. तिन्ही घरांत एकाच कारागिराने लाकडी जमिनीला तेल लावलं होतं आणि तेलाचे बोळे गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून दिले होते. असे बोळे आपोआप तापून पेटतात. कोणीच आग लावली नव्हती.

चीफनी स्वतः सही करून काकांना गाडीत स्कॅनर ठेवायचा परवाना दिला. त्याची गरज फारशी पडली नाही. मंडळातल्या बायकांनी दुपारच्या पाळ्या लावल्या, मागच्या दाराला नवी कडी बसली. कंट्रोल रूमच्या भिंतीवर काकूंचा फोटो आणि दोन मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लावली होती. पुढच्या दोन वर्षांत सार्जंटने त्यांना तीनदा घरी आणलं. "चला काकू, चा टाकलाय," हे तो इतकं गोड म्हणायचा की काकू त्याच्या हाताला धरून यायच्या.

त्या दिवशी दोन तासांत आम्ही काकांना कितीतरी प्रश्न विचारले, आणि एकूण एक प्रश्न आमच्या केसबद्दल होते. तो माणूस सारखा घड्याळाकडे का बघतो आहे, हे विचारावंसं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, समोर चोर असो की साव, मी चौकशीला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला असे: घरी कोणी वाट बघत आहे का? बहुतेक जण नाही म्हणत. जे हो म्हणाले, त्यांच्या घरी मी आधी माणूस पाठवला आणि मगच वही उघडली.