घोरणाऱ्या गिऱ्हाइकाचं सूप

आमच्या जिन्यात बातमी पसरली होती की ब्रेककाकूच्या स्वयंपाकघरात काकांचं भूत येतं. बातमी फोडली खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी. त्यांचं मशीन काकूच्या ओट्याच्या बरोबर खाली आहे, त्यामुळे वर चमचा पडला की खाली त्यांची टीप वाकडी जाते. बाई ओठात टाचण्या धरून बोलतात, म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द फटीतून गाळून येतो. "शपथेवर शांगते, त्यांचाच आवाज. तेच खाकरणं, तेच 'तर झालं काय'. आणि नुशते बोलत नाहीत हो, घोरतातशुद्धा."

घोरणारं भूत म्हटल्यावर निम्म्या जिन्याची भीती गेली आणि निम्म्याची वाढली. इस्त्रीवाला तर कपडे घेऊन वर यायचाच बंद झाला, खालूनच हाका मारायला लागला.

भूतबीत काही नव्हतं. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि ते जिथे गेलेत तिथून कांदा परतायला कोणी परत येत नाही. तो आवाज माझा होता. घसा जरा बसवला, वाक्याच्या शेवटी श्वास सोडला आणि 'झालं'मधला 'झा' लांबवला की काका तयार. पण हे करायला मला काकूनेच बोलावलं होतं, आणि का बोलावलं ते कळायला आधी काकू कळायला हवी.

काकू बस चालवते. ब्रेककाकू हे नाव काकांनी ठेवलेलं, कारण कोणी लांबण लावली की ती नुसती मान वर करते आणि बोलणारा जागच्या जागी थांबतो. ती स्वतः थांब्याथांब्याने बोलते. "जेवलीस? ताट उचल. पुढे सरक." खुर्चीवर बसतानाही आधी मागे बघते, मग बाजूला, मग बसते. खिडकीकडचा तिचा हात उन्हाने रापलाय, दुसरा नाही. काका म्हणायचे, एक हात डेपोचा, एक घरचा.

काका बुटांच्या दुकानात होते. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचं आणि बोलत राहायचं, हाच धंदा. दुकानातली रिकामी खोकी ते घरी आणायचे, आणि काकूच्या फळीवर चहापत्ती अजूनही 'पुरुष, काळा, नऊ'मध्ये असते आणि मिरी 'लहान मुलींचे सँडल'मध्ये. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरात गजबज व्हायची ती वर्षातून एकदा. मोठी सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी सगळं कुटुंब त्यांच्या दोन खोल्यांत कोंबलं जायचं आणि काका सूप करायचे. लोण्यात परतलेला भरपूर कांदा, त्यावर पीठ, मग गरम दूध आणि उकडलेला बटाटा. बरोबर बेकरीतला पाव. बस्स. ऐकायला काहीच नाही, पण आम्ही वाटी चाटून पुसून ठेवायचो आणि मोठे काका पावाचा तुकडा थेट भांड्यात फिरवायचे, कोणी बघत नाही असं समजून.

सूप ढवळताना काका दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे. तर झालं काय, एक गृहस्थ दुकानात आले. खुर्चीवर बसले, पाय पुढे केला. काकांनी बूट चढवला, वर बघतात तर गृहस्थांचे डोळे मिटलेले. थकलेला माणूस, उठवायचं कसं? काका पाय मांडीवर घेऊन तसेच बसले. गृहस्थ घोरायला लागले. इथे काका घोरून दाखवायचे, निरनिराळ्या प्रकारांनी, शिट्टीचं, उकळीचं, मध्येच श्वास अडकल्याचं. जेवायची सुट्टी झाली, मालक आला, ओरडणार तेवढ्यात काकांनी ओठावर बोट ठेवलं, तर मालकही चवड्यांवर चालत निघून गेला. शेवटी गृहस्थ जागे झाले, पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यात दुसरा रंग आहे का?"

सगळ्यांना पाठ होती. तरी शेवटाला सगळे हसायचे, कारण नेमकी त्याच वेळी काकू दारात यायची. सुट्टीच्या दिवशी जादा गाड्या सोडतात, त्यामुळे तिला ड्युटी असायचीच. ती गणवेशातच आत यायची, काका तिच्याकडे बघून ते शेवटचं वाक्य म्हणायचे, ती म्हणायची, "हात धुऊन येते," आणि वाढायला सुरुवात.

काका गेले ते अचानक, दुकानात, कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधताना. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

पुढची सुट्टी जवळ आली तसे मोठे काका काकूकडे आले. ते पत्र सांगितल्यासारखं बोलतात, मुद्दे पाडून. मुद्दा एक, तिला दगदग नको. मुद्दा दोन, कोपऱ्यावरच्या हॉटेलात वरचा हॉल मिळतोय. मुद्दा तीन त्यांना सुचला नाही, म्हणून ते चष्मा पुसत बसले. सबंध वेळ त्यांची पाठ स्वयंपाकघराकडे होती.

काकू म्हणाली, "सुट्टीचं जेवण इथेच."

"आणि सूप?"

"होईल."

"तुला येतं?"

काकूने मान वर केली. मोठे काका थांबले. पण जिना उतरताना ते आईला म्हणाले की एकदा हॉलची सवय लागली की बरं पडेल, दरवर्षी तिकडेच करू. आईने ते काकूला सांगितलं नाही, पण आमच्या जिन्यात काहीही हळू बोलता येत नाही. काकूने ऐकलं. ह्या वर्षी जेवण बिघडलं तर तिच्या घरात पुन्हा कोणी जमणार नव्हतं, हे तिला चांगलंच कळलं.

तिने सूप केलं आणि चाखायला मला बोलावलं. काकू आहे म्हणून मी गिळलं. बसच्या पाठीवर जाहिराती चिकटवायची खळ असते ना, तिला थोडं मीठ लावल्यासारखं. कांदा कचकचीत, पीठ कच्चं. काकूने स्वतः एक चमचा घेतला आणि भांडं सिंकमध्ये ओतलं. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरून आली, मला वर बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, तुझ्या काकाची नक्कल कर.

मी बेकरीवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या नकला करते, पण गेलेल्या माणसाची नक्कल करायची नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. तसं मी सांगितल्यावर काकू म्हणाली की आईला ती बघून घेईल. काका बोलता बोलता काय कधी घालायचे, ते मला आठवत असणार, कारण मी दरवर्षी ओट्याला चिकटून उभी असायचे. तिला तर काही बघायलाच मिळालं नव्हतं.

मग ती खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. मी सुरू केलं. तर झाऽलं काय, एक गृहस्थ दुकानात आले.

काकूची पाठ हलली नाही. पण पाय मांडीवर घेतल्यापर्यंत मी आले आणि ती हसली, एकदम, खुदकन, शाळेतल्या मुलीसारखी. मी थांबले. ह्या जागेवर कोणीच कधी हसत नसे, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती दरवर्षी शेवटाला यायची. ही गोष्ट सुरुवातीपासून तिने कधी ऐकलीच नव्हती.

"एवढी वर्षं," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "दुसरा रंग म्हणजे कसला, मला माहीतच नव्हतं. सगळे हसतात म्हणून हसायचे."

मी विचारलं, काकांना कधी विचारलं का नाहीस? ती म्हणाली, राहून गेलं. रोज घरी होता ना.

मग आम्ही कामाला लागलो. मी काकांच्या आवाजात गोष्ट सांगायची, काकूने गोष्टीच्या तालावर सूप करायचं. गृहस्थ बसले, लोणी. डोळे मिटले, कांदा. घोरायला लागले, आच कमी. मालक आला, पीठ. चवड्यांवर गेला, दूध. भुताची बातमी ह्याच दिवसांतली. मी गेल्या सुट्टीतली गोष्ट जशीच्या तशी म्हणत होते, खाकरणंसुद्धा त्याच जागी. आणि सूप दर वेळी कमी पडत होतं. खळ राहिली नव्हती, पण काकांचंही नव्हतं. कांदा जेमतेम पिवळा व्हायचा. काकांचा तपकिरी असायचा, जवळजवळ बुटाच्या पॉलिशसारखा, आणि गोड.

काकू चमचा आपटून म्हणाली, "घोरणं कमी पडतंय."

मी म्हटलं, मी तेवढंच घोरले जेवढे काका घोरायचे. मग मलाच आठवलं की ते दर वर्षी तेवढंच नसायचं. कधी दोन प्रकारांत उरकायचं, कधी आम्ही कंटाळून गॅलरीत जायचो तरी आत घोरणं चालूच. एकदा तर मोठे काका भुकेने चिडून म्हणाले होते, अरे मेला की काय तो माणूस?

काकूने विचारलं, ते कुठल्या वर्षी?

ज्या वर्षी पाण्याची मोठी पाइप फुटली आणि चौकात गुडघाभर पाणी झालं, त्या वर्षी, मी म्हटलं. सूपही त्या वर्षी सगळ्यात भारी झालं होतं.

त्या दिवशी काकूची गाडी त्याच पाण्यात अडकली होती. तिने गॅस बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. मग खिडकीपाशी गेली. त्या खिडकीतून कोपऱ्यावरचा बसथांबा दिसतो. काका ओट्याशी उभे राहून तिकडे का बघायचे, ते मला आत्ता कळत होतं. मला वाटायचं धूर डोळ्यात जातोय.

"तो माझ्यासाठी घोरायचा," काकू म्हणाली.

मी तिथे होते म्हणून तिने डोळे पुसले नाहीत. रापलेला हात खिडकीच्या गजावर ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि थांब्यावर एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. सूप त्या दिवशी झालंच नाही. मी सगळा कांदा झाकून ठेवला आणि खाली आले.

सुट्टीच्या दिवशी काकूने रजा टाकली, नोकरीत पहिल्यांदा. सकाळपासून घरचे एकेक करून जमले. सगळे हळू बोलत होते, काकांच्या खुर्चीला वळसा घालून जात होते. आईने मला डोळ्यांनी बजावलं. काकूने आईचा हात धरून म्हटलं, "तिला बोलू दे. मला ते हवंय." आईने पदर तोंडाशी नेला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

मोठे काका आले नव्हते. हॉलचे आगाऊ पैसे देऊन बसलो होतो, आता ते बुडवायला सांगता, असं ते फोनवर म्हणाले होते. येतो म्हणाले नव्हते, येत नाही असंही नाही.

मी गोष्ट सुरू केली. बाहेरच्या खोलीतली कुजबुज बंद झाली. लोणी, कांदा. गृहस्थ घोरायला लागले. मी शिट्टीचं घोरले, उकळीचं घोरले. कांदा पिवळा झाला. मी मालकाला आत आणणार तेवढ्यात काकूने हात वर केला, गाडी मागे घेणाऱ्याला थांबवतात तसा. घोरत राहा. मी घोरत राहिले. तिने आच आणखी कमी केली. कांदा तांबूस झाला, भांड्याच्या कडेला चिकटायला लागला, ती खरवडून पुन्हा मध्ये घेत होती. बाहेर कोणीतरी नाक शिंकरलं. माझा घसा दुखायला लागला. काकांच्या आवाजात मी त्यांच्याच स्वयंपाकघरात घोरत होते आणि खुर्ची रिकामी होती, आणि कुठल्याही क्षणी माझा आवाज माझ्यावर उलटेल असं वाटत होतं.

मी श्वास घ्यायला थांबले आणि काकूच्या कानाशी म्हटलं, बस कर, मोठे काका येणार नाहीत. हवी तर पैज लाव.

काकू ताबडतोब म्हणाली, "लागली. हरणाऱ्याने भांडं घासायचं."

आणि मालकाची वाट न बघता तिने स्वतःच कांद्यावर पीठ भुरभुरवलं, गरम दूध ओतलं, आणि दाराकडे न वळता जरा मोठ्याने म्हणाली, "दादा, जिन्यात किती वेळ उभे राहणार? आत या."

दार ढकललं गेलं. मोठे काका. हातात बेकरीचा पाव, कागद चुरगळून चुरगळून मऊ झालेला. डोळे लाल. मागून शिवणकामवाल्या बाईंनी डोकावून सांगितलं की हे कधीचे तिथेच पायरीवर बशलेत, मीच पाणी दिलं. मोठे काका "मुद्दा एक" एवढंच म्हणाले. ते आत आले, ओट्याशी गेले आणि भांड्यात बघत राहिले. काकूने त्यांच्या हातातला पाव घेतला आणि एक तुकडा मोडून त्यांच्याच हातात ठेवला.

काकूला पायरीवरची त्यांची खोकल्याची उबळ मघाशीच ऐकू आली होती. नंतर म्हणाली, इंजिनाच्या आवाजात मागून धावत येणारा माणूस ओळखायची तिला सवय आहे. म्हणजे पैज तिने जिंकूनच लावली होती. जाम चीटिंग. पण पैज ती पैज. भांड्याच्या तळाशी कांद्याचा काळा थर बसला होता आणि सगळे निघून गेल्यावरही मी तो घासत होते. काकू शेजारी उभी राहून फडक्याने वाट्या पुसत होती, एकेक, सावकाश, घाई नसल्यासारखी.