वायसरचा फोन

आमच्या गल्लीतल्या नळवाल्याला सगळे वायसर म्हणत. नळाच्या आत रबराची चकती असते ना, तिच्यावरून. खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण तीही आयुष्यभर 'अहो'वरच भागवत आली. माणूस होताही तसाच, लहानसा, गोल आणि कुठेतरी घट्ट दाबून बसवल्यासारखा.

त्याच्यात दोन मोठे दुर्गुण. एक म्हणजे त्याने दुरुस्त केलेला नळ पुन्हा म्हणून गळत नसे. अशाने धंदा चालतो का? माझ्या मोरीतला नळ त्याने माझ्या डोक्यावर केस असताना बसवला होता. केस गेले, नळ जागेवर आहे. दुसरा दुर्गुण हा की फोन आपण आधी ठेवायचा नाही, असा त्याचा नियम. एकदा चुकून लागलेल्या फोनवर कुणा अनोळखी माणसाचं गुडघ्याचं दुखणं त्याने वीस मिनिटं ऐकलं आणि शेवटी शेकायला सांगितलं. मी त्याला म्हणायचो, "तुझ्या नळातून पाणी थांबतं, तोंडातून नाही." तो हसायचा. मला दादा म्हणायचा, त्यामुळे चिडायची सोयच नव्हती.

पण गल्लीत दुरुस्त करायचे नळ उरले नाहीत, आणि पलीकडच्या नव्या इमारतींतले लोक माणसाला विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात. दुकानात वायसर दिवसदिवस जुने पाइप फडक्याने पुसत बसू लागला.

तेव्हा जावयाने तोंड उघडलं. जावयाची घरदुरुस्तीची कंपनी. हाताखाली सहा माणसं, सगळ्यांना पोपटी टी-शर्ट, आणि प्रत्येकाच्या पाठीवर जावयाचाच हसरा फोटो छापलेला. सासऱ्यांनी दुकान बंद करून आमच्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. वायसरच्या बायकोला पटलं. लेकीला पटलं नाही. ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही यांच्या हाताखाली जाऊ नका. घरात मी आहे तेवढी पुरे."

नवऱ्याकडून तिने तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. तेवढ्यात बाबांना नवी गिऱ्हाइकं मिळाली तर दुकान राहील, नाहीतर टी-शर्ट. आणि तिने इंटरनेटवर बापाची जाहिरात दिली. कुणी मोबाइलवर जवळचा नळवाला शोधला की वर वायसरचा फोटो, खाली हिरवं बटण. बटण दाबलं की फोन थेट याच्या खिशात.

आम्हाला एवढंच दिसलं, फोटो आणि बटण. वायसर फोटोत इतका घाबरलेला दिसत होता की मी म्हटलं, लोकांना वाटेल पाणी याच्याच घरात शिरलंय. आठ दिवस चेष्टा पुरली. मग दुकानासमोरच्या न्हाव्याने कुठून तरी ज्ञान आणलं की जितकी बोटं बटणावर पडतील, तितका फोटो वर चढतो. हे ज्ञान गल्लीभर पोचवायला अर्थातच मी होतो. मी घरोघर सांगितलं, आपल्या माणसासाठी एवढं करा, रोज एकदा बटण दाबा, दोन शब्द बोला, काही बिघडत नाही.

लोकांनी मनापासून केलं. वरच्या मजल्यावरच्या माई दुपारची झोप झाली की बटण दाबून सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. न्हावी तर सहा पावलांवरून फोन लावायचा. दोघं एकमेकांना दिसायचे, बोलता बोलता हातही करायचे. मी स्वतः वर्तमानपत्र वाचून झालं की फोन करून विचारायचो, "काय शेठ, गर्दी फार आहे का?" तो म्हणायचा, "दादा, तुमच्या कृपेने." आणि आपण होऊन फोन ठेवायचा नाही.

एक गंमत मात्र होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर फोटो मोबाइलवरून नाहीसा व्हायचा आणि पुढच्या एक तारखेला पुन्हा उगवायचा. आम्ही म्हणायचो, वायसर सुट्टीवर गेला.

तिसऱ्या महिन्याच्या बावीस तारखेला त्याची लेक माझ्याकडे आली. वायसर मागे उंबऱ्याशी उभा. तिने बापाचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीची पद्धत तिने सांगितली, तीही आवाज न चढवता. बटणावरून आलेला आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चाललेला फोन म्हणजे एक गिऱ्हाईक, काम मिळो न मिळो, त्याचे पैसे कापले जातात. महिन्याला चाळीस फोन तिला झेपत होते. चाळीस संपले की जाहिरात बंद. नव्या इमारतीतल्या माणसाचा नळ दहा तारखेला फुटला तर त्याला वायसर दिसणारच नाही.

"काका," ती म्हणाली, "या महिन्याच्या चाळिसात तुमचा नंबर सात वेळा आहे."

मी बोट ठेवून मोजले. सातच होते.

मी विचारलं, यावर काही उपाय? होता. एकेका नंबरासमोर 'खोटा फोन' अशी खूण करायची. कंपनी तेवढे फोन परत देते, जाहिरात आज संध्याकाळी पुन्हा सुरू होते. आठ दिवस हातात होते. मी म्हटलं, कर की मग, माझ्यापासून सुरुवात कर.

वायसरने पुढे येऊन मोबाइल उचलला आणि खिशात घातला.

"माई मला खोटा फोन करतात असं मी लिहून देऊ?" तो म्हणाला. "त्या खरंच बोलायला करतात."

लेक म्हणाली, "बाबा, नुसती खूण आहे. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

तुला हे कधीपासून ठाऊक होतं, मी विचारलं. म्हणाला, पहिल्या आठवड्यापासून. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तुम्ही सगळे एवढ्या हौसेने करत होतात.

 लेक पर्स घेऊन उठली आणि बापासाठी न थांबता जिना उतरली.

मी त्याच दिवशी गल्लीभर फिरून सगळ्यांची बोटं थांबवली. पण थांबवायला उरलं काय होतं? चाळीस केव्हाच संपले होते. एक तारखेला दुकानाला कुलूप लागलं. न्हाव्याने त्या दिवशी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला सिंकखालचा पाइप फुटला. वायसरला सरळ फोन लावला, तर म्हणाला, दादा, ऑफिसातून या. म्हणून जावयाच्या कंपनीला फोन केला. कुणा मुलीने माझं नाव दोनदा विचारलं आणि माणूस पाठवला. वायसरच आला. पोपटी रंग त्याला अजिबात शोभत नव्हता. मी ते बोललोही, सवयीने. तो हसला नाही.

पाइप त्याने बसवला, पूर्वीसारखाच, जन्माचा. मी म्हटलं, बस, चहा टाकतो. त्याने मोबाइलवर माझी सही घेतली.

"दादा, वेळ मोजतात," तो म्हणाला, आणि पेटी उचलून जिना उतरू लागला.

मी दारात उभा होतो. त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या पाठीवरून जावई मात्र खालच्या वळणापर्यंत माझ्याकडे बघून हसत होता.