मधल्या मजल्याच्या निऱ्या

मी चौथीतून उठलेला माणूस. लिहिण्यात चुका निघतील, पण माझ्या केकात चूक काढू देणार नाही. एक झाली होती, ती मीच सांगतो.

दुष्काळाचं साल होतं. नगरला कँपातल्या बेकरीत मी पाव मळायचो. केकचं टेबल उस्तादांचं, तिथं दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्या आठवड्यात उस्तादांची कंबर धरली, आणि नेवाशाकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांच्या मुलीचा लग्नाचा केक तर कबूल केलेला. मी म्हणालो, मी करतो, मीच नेतो, बरोबर कुणी नको.

"उभा राहिला तर टेबल तुझं," उस्ताद म्हणाले. "पडला तर परत पीठ मळायला. मग तोंड उघडायचं नाही."

केक तीन मजली. साखरेची कणीक लाटून प्रत्येक मजल्याला कडेनं झालर सोडलेली, पातळाच्या निऱ्यांसारखी. मजले वेगवेगळे न्यायचे आणि जागेवर एकावर एक चढवायचे. टेम्पोत भुश्शाची पोती, त्यावर गोधडी, त्यावर तीन खोकी. रस्ता दुष्काळी कामावर काढलेला, खडी नुसती पसरलेली. मी मागं उकिडवा बसून खोकी धरलेली.

"हळू घे की!"

"याच्यापेक्षा हळू घेतला तर बैलगाडी पुढं जाईल," ड्रायव्हर म्हणाला. "अंडी हायत का काय आत?"

"हायत. साखरंत फेटलेली."

दणका बसला की मी दोरी सोडायचो, झाकण उघडायचो, बघायचो, पुन्हा बांधायचो. घोडेगावापर्यंत सात-आठ वेळा झालं असेल. "आत धूळ तूच घालतुयास," ड्रायव्हर म्हणाला. खरं होतं. तरी हात राहत नव्हता.

लग्न चारला, आम्ही पोचलो दोननंतर. मांडवातलं टेबल एका अंगाला कललेलं. गवंड्याची लेव्हलची बाटली आणायला मी स्वतःच निघालो, दुसऱ्यावर माझा भरवसा कुठला? ओसरीवर तिन्ही मजले मांडलेले, शेजारी पातेल्यात अंड्याच्या पांढऱ्यात घोटलेली साखर. तिनं मजले चिकटवायचे. वारा लागला की तिच्यावर पापुद्रा धरतो, म्हणून पातेल्यावर ओलं फडकं लागतं. नवरीची आत्या तिथं बसलेली. मी चालता चालता हात हलवला, "ओल्या फडक्यानं झाकून ठेवा." काय झाकायचं ते सांगायला थांबलो नाही.

परत आलो तर आत्याबाईंनी पातेलं झाकलेलं, आणि दुसऱ्या ओल्या फडक्यानं मधला मजलाही. घरात कणीक झाकतात तसा. तिसरं फडकं मिळालं नाही म्हणून बाकीचे दोन वाचले. फडकं उचललं तर साखर तारेसारखी वर आली. निऱ्या गळून लगदा झालेला.

"काय केलंत हे! कुणी सांगितलं हुतं?"

"तूच की रं! प्यायच्या घागरीतलं पानी घातलंय त्यावर, आन् वर मलाच वरडतुयास?"

मास्तर डोकावले. "काही अडचण आहे का?"

"सलाम मास्तर, काही न्हाई. तुम्ही देवळात चला."

ती झालर सुरीनं खरवडली. डब्यात थोडी कणीक राखलेली होती, एका झालरीपुरती. लाटली, घडी घातली, मोडली. गोळा करून पुन्हा लाटली. कोरड्या वाऱ्यानं काठ तडकले, पुन्हा मोडली. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"सरक. तुझी बोटं पाव मळायची. कवा निऱ्या घातल्यात का जल्मात?"

मी नाही म्हणणारच होतो. तेवढ्यात देवळाची, म्हणजे त्यांच्या चर्चची, घंटा वाजली.

"हात कोरडे करून या," एवढंच म्हणालो.

त्यांनी पिठीत बोटं बुडवली. दाबणं नाही, ओढणं नाही. दोन बोटांत एकेक निरी धरायच्या आणि सोडून द्यायच्या, ती आपली आपण पडायची. मी नुसता मागून चिकटवत गेलो. मग टेबलाच्या एका पायाखाली खापरी सरकवली, बाटलीतला बुडबुडा मधे आला. खालच्या मजल्यात बांबूच्या काड्या रोवल्या, वर फळी, मधला मजला, पुन्हा काड्या, फळी, वरचा. केक उभा राहिला. तो कापेपर्यंत मी टेबलामागून हललो नाही. कुणी जेवायला बोलावलं, गेलो नाही.

पंधरवड्यानं मास्तरांनी फोटो पाठवला. उस्तादांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"खालचा तुझा. वरचा तुझा. मधला कुणाचा?"

"माझाच."

दुसऱ्या दिवशी लाटणं माझ्या बाजूला ठेवलेलं दिसलं.

त्या टेबलावर म्हातारा झालो. तो टेम्पोवाला दर आठवड्याला नेवाशाला जायचा. मधल्या मजल्याबद्दल आत्याबाईंना चार शब्द कळवायचे, म्हणून मी त्याला दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा पावाचं काहीतरी बोललो आणि सोडून दिलं. झालर मात्र मी एका वेळेत कधी लावली नाही. लावायचो, लांबून बघायचो, उचकटायचो. हाताखालची पोरं म्हणायची, दादा, चांगली तर हाय. मी म्हणायचो, तुम्हाला काय कळतंय.